श्रावणातली गोळी

गटारीला आमच्या घरी तांबडा-पांढरा झाला आणि दुसऱ्या दिवशी श्रावण आणि माझा खोकला एकाच मुहूर्तावर बसले. तांबड्या रश्श्यानं घसा मोकळा होतो, असं कोल्हापुरात सर्दी झालेल्या प्रत्येकाला सांगतात. माझा झाला नाही. छातीत कफ असा घट्ट बसला की मी खोकलो की शेजारचे अण्णा भिंतीपलीकडून विचारायचे, "गाडी चालू हुईना व्हय?"

त्यात पाऊस. या दिवसांत आमच्याकडं कुणी कुणाला "कसा आहेस?" विचारत नाही, "किती फूट?" विचारतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आठव्या दिवशी मी पहाटे तीनला उठून पाऊण तास खोकलो, तेव्हा बायको पांघरुणातूनच म्हणाली, "अहो, इशारा पातळी ओलांडलीसा. दवाखान्यात चला आता."

आमचे डॉक्टर कुस्तीशौकीन. खासबागेत मोठा फड असला की दवाखान्याला कुलूप. त्यांनी छातीला नळी लावली आणि चिठ्ठीवर लिहिलं : एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन, ६०० मिलिग्रॅम, रोज रात्री एक, अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून. मी तोंड वेंगाडलेलं बघून त्यांनी डाव उलगडून दाखवला. "हे बघा, कफातले धागे गंधकाच्या सांध्यांनी एकमेकांना धरून असतात. पैलवानांनी पकड घालावी तसे. ही गोळी आखाड्यात उतरते आणि पकड सोडवते. कफ पातळ झाला की मग तुमचा खोकला त्याला चितपट करतो." मग बीपी, पोटातला अल्सर, दमा यांची चौकशी केली. या फेसाच्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं म्हणे. वासाबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. त्यांच्या घरी श्रावण पाळत नसावेत.

पहिली गोळी मी ओल्या हातानं पाकिटातून काढली, तर ती पाण्याची वाट न बघता हातातच फसफसायला लागली. घाईघाईनं ग्लासात टाकली. सोडावॉटरच्या गाडीवरचा आवाज आला, फेस वर चढला आणि पाठोपाठ वास आला. उकडलेलं अंडं सोलून दोन दिवस दप्तरात विसरावं, तसा. वार सोमवार. आई देवघरात पोथी वाचत होती. पोथी थांबली.

"कोण रं अंडं उकडालंय? श्रावण हाय न्हवं? सोमवार हाय!"

माझ्या आईला हल्ली चष्म्याशिवाय मी दिसत नाही, पण नाक अजून तालमीत तयार झालेलं आहे. तिनं आधी कुकर उघडला, मग फ्रिज, मग कचऱ्याच्या बादलीत टरफलं शोधली. काहीच मिळेना, तेव्हा ती माझ्यापुढं उभी राहिली. "आ कर." मी केला. खटल्याचा निकाल लागला.

"आई, औषध आहे हे. यात गंधक आहे."

"गंधक दिवाळीत असतंय. ह्यो अंड्याचाच वास हाय."

आता खरं सांगायचं तर तिचं चुकत नव्हतं. सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल, आणि अंड्याच्या प्रथिनातही ते असतंच. अंडं उकडताना जो वास सुटतो तोही गंधकाच्याच वायूचा. मी प्रामाणिकपणे हे सगळं सांगितलं. तशी ती म्हणाली, "म्हंजे अंड्याची भावकीच म्हण की!" शाळेत रसायनशास्त्राला मला पस्तीस मार्क होते, पण इतकं मोजक्या शब्दांत मला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात तालमीत जाणारा पुतण्या मोबाइल घेऊन आला. त्याला सापडलं होतं की हे सिस्टीन पक्ष्यांच्या पिसांपासून काढतात, माणसाच्या केसांपासूनही काढलेलं आहे, आणि हल्ली जंतूंकडून आंबवूनही करून घेतात. त्यातला 'पक्ष्यांच्या' एवढा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. पोरगं शहाणं. पुढचं त्यानं गिळलं.

शेवटी आईनं तोडगा काढला. औषधाला दोष नाही, पण गोळी मागच्या पडवीत घ्यायची, ग्लासावर ताटली झाकायची, आणि बरोबर आठ वाजता, म्हणजे तिला तेवढा वेळ देवघराचं दार लावून घेता येईल.

दुसऱ्याच दिवशी अण्णा आले. त्यांची गटारी अजून संपलेली नव्हती. "लिव्हरची गोळी आलीया म्हणं तुझ्याकडं?" बातमी कुणी फोडली ते कळलं नाही. मी डॉक्टरांकडून ऐकलेलं सांगितलं, की पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं तर यकृतातला ग्लुटाथायोन या राखणदार द्रव्याचा साठा संपतो, आणि तो भरून काढायला हेच औषध देतात. पण ते दवाखान्यात, रक्त तपासून, किती तास झाले त्याचा हिशेब करून. अण्णांनी विचार केला. "म्हंजे रात्री ती, सकाळी ही. उधारी राहत न्हाई." मी पट्टी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

पुतण्याला मात्र माझी फारच काळजी. "अ‍ॅण्टिऑक्सिडंट हाय काका, अमेरिकेत सप्लिमेंट म्हणून डबेच्या डबे विकत्यात. चुकवू नका." रोज आठला पाच मिनिटं कमी असताना वरच्या खोलीतून हाक यायची, "काका, गोळी घेतलीसा न्हवं?" घरात कुणीतरी आपली एवढी विचारपूस करतंय म्हटल्यावर मला भरून यायचं. कफ पातळ झाला, रात्रीची झोप परत आली, दहा दिवसांनी गोळ्या संपल्या. घरात सगळ्यांना बरं वाटलं. पुतण्या तेवढा पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "आणखी एक पट्टी आणू काय? पैसे मी देतो."

पैसे मी देतो! हे पोरगं पेट्रोलला माझ्याकडं हात पसरतं. मी आठ वाजता गुपचूप वर गेलो. दार ढकललं. खुराकाच्या डब्यात चार उकडलेली अंडी, शेजारी मीठ-मिरपूड, आणि एक अंडं त्याच्या गालात. माझ्या फेसाच्या आडोशानं हा गडी दहा दिवस रोज आठच्या ठोक्याला श्रावण मोडत होता.

मी काही बोलणार, एवढ्यात त्यानं डबा पुढं केला. मीठ लावलेलं होतं.

खालून आईचा आवाज आला, "गोळी घेतलीस व्हय रं? ताटली झाकली न्हाईस वाटतं!"

माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसता खोकलो.