कोणते जोशी?

"अहो, जोशी गेले," असं कोणी सकाळी सकाळी सांगितलं, की मराठी माणूस हळहळण्याआधी विचारतो, "कोणते जोशी?" यात निर्दयपणा काही नाही. नक्की कोणासाठी हळहळायचं ते कळल्याशिवाय चेहरा कसा करणार? मग "ते हो, बँकेतले", "नाही, ते कोपऱ्यावरचे", "अहो, ज्यांची मुलगी अमेरिकेत असते ते" असं सुरू होतं. मुलगी अमेरिकेत असणं ही जोश्यांच्या बाबतीत खूणच होऊ शकत नाही, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

साध्या जोश्यांची ही गत, तर नामवंत जोश्यांची यादी करायला बसणाऱ्याचं काय होत असेल? कुठली तरी स्मरणिका निघते, वाचनालयाची सूची करायची असते, नाहीतर प्रश्नमंजूषा ठरते, आणि कोणीतरी म्हणतं, "आडनावावरून नामवंत काढू, सोपं आहे." असं म्हणणारा माणूस यादी कधीच करत नाही. ती आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडते, म्हणून त्यातल्या खाचाखोचा सांगून ठेवतो.

आधी हे का होतं ते समजून घ्या. जोशी हा शब्द 'ज्योतिषी'वरून आला. (हिमालयातल्या जोशीमठाचं मूळ नाव ज्योतिर्मठ. 'जोशी' म्हणून शोधलं की खचणाऱ्या घरांच्या बातम्या समोर येतात त्या त्यामुळे. पुण्यात शोधलं तर जोशी वडेवाल्यांचे वडेही येतात.) पंचांग सांगणारा, मुहूर्त काढणारा ग्रामजोशी गावोगाव होता. म्हणजे पाटील, कुलकर्णी, देशपांडे यांच्यासारखं हेही कामावरून पडलेलं आडनाव. जितकी गावं तितके जोशी, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. कोकणस्थ जोशी, देशस्थ जोशी, कऱ्हाडे जोशी झाले, की भटक्या जमातींतले कुडमुडे जोशी येतात. मग गुजरात, कर्नाटक, उत्तराखंडातलं कुमाऊँ आणि थेट नेपाळ. मूळ पुरुष शोधायला निघालेला माणूस परत येत नाही.

यादीसाठी वही नको, कार्डं घ्या. वहीत मध्ये जोशी घुसवायला जागा राहत नाही. एका कार्डावर एकच जोशी. त्यावर पाच गोष्टी हव्यात: स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, गाव आणि लोक त्यांना काय म्हणून ओळखतात ते. पाचवी गोष्ट लोक गाळतात आणि तिथेच फसतात. 'सार्वजनिक काका' शोधणारा माणूस 'ज'मध्ये बघणार नाही, तो 'स'मध्ये बघणार. तिथे 'पहा: जोशी, गणेश वासुदेव' एवढी चिठ्ठी नसली, तर काकांना वगळलं म्हणून पत्र आलंच समजा.

याच काकांपासून आद्याक्षरांचा घोळ सुरू होतो. गणेश वासुदेव जोशी (१८२८-१८८०) हे १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे जनक. १८७७च्या दिल्ली दरबाराला ते खादीत गेले होते. दुसरे गणेश व्यंकटेश जोशी (१८५१-१९११). हे शिक्षणखात्यातले, न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले अर्थतज्ज्ञ, आणि यांचं लिखाण छापलं जायचं कुठे, तर त्याच सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात! इंग्रजी सूचीत दोघंही 'जी. व्ही. जोशी'. सभा एक, आद्याक्षरं तीच. भले भले सूचीकार इथे दोघांचा एक करून मोकळे होतात, आणि मग १८८० साली वारलेले काका १८९०मध्ये जमीनमहसुलावर लेख लिहू लागतात. उपाय सोपा आहे. त्रैमासिक १८७८मध्ये सुरू झालं. १८८०नंतरचा लेख दिसला, की तो व्यंकटेशपुत्राचा. आणि आद्याक्षरं मराठीत घाला. 'ग. वा.' आणि 'ग. व्यं.' म्हटलं, की भांडणच मिटतं. वासुदेव आणि व्यंकटेश यांना एकाच 'व्ही'त कोंबणं ही इंग्रजीची गरिबी. ती आपण का सोसायची?

आता मराठी आद्याक्षरांचा इतका अभिमान बाळगला, की श्रीधर महादेव जोशी (१९०४-१९८९) समोर येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले एसेम. नियमाप्रमाणे त्यांना 'श्री. म. जोशी' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं, 'म.' नावाचे कोणी श्रीयुत जोशी आहेत. त्यांच्या बाबतीत निमूटपणे 'एस. एम.' लिहावं आणि कार्ड मात्र 'श्री'मध्ये लावावं. नियमाला अपवाद एकच ठेवा. दोन ठेवलेत, की तिसरा मागायला लोक दारात उभे.

ना. म. जोशी (१८७९-१९५५) आणि वा. म. जोशी (१८८२-१९४३) ही पुढची जोडगोळी. पहिले नारायण मल्हार, कामगारनेते, १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे. लोअर परळचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे, पण लोक अजून डिलाईल रोडच म्हणतात. दुसरे वामन मल्हार, तत्त्वचिंतक कादंबरीकार. दोघंही जुन्या कुलाबा जिल्ह्यातले, दोघांच्याही वडिलांचं नाव मल्हार, वयांत तीन वर्षांचं अंतर. एवढं दिसल्यावर 'हे बंधू' असं लिहायला हात शिवशिवतो. लिहू नका. नुसत्या मल्हारवरून कोणी सख्खा भाऊ होत नाही. गाव आणि आजोबा जुळल्याखेरीज नातं जोडायचं नाही. ना. म. गोरेगावचे (मुंबईचं नव्हे, माणगावाजवळचं), वा. म. तळे गावचे.

त्यातच अमरावतीचे वीर वामनराव जोशी येतात. हे वामन गोपाळ, राष्ट्रीय बाण्याचे नाटककार. 'वीर' काढा, 'राव' काढा, की उरतो वामन, आणि तो वा. मं.च्या कार्डाला चिकटून बसतो. म्हणून पदव्या काढाव्यात हा नियम बरोबर असला, तरी काढलेली पदवी कार्डाच्या मागे लिहून ठेवावी. 'पंडित' फेकलं तरी भीमसेन भीमसेनच राहतात. 'वीर' फेकलं, की वामनराव हरवतात.

'शास्त्री'ला तर हात लावूच नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१-१९९४) कागदोपत्री लक्ष्मण बाळाजी आहेत, पण त्या नावाने त्यांना शोधणारा वाचक अजून जन्मायचा आहे. त्यांच्या शेजारी महादेवशास्त्री जोशी (१९०६-१९९२). एक शास्त्री धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे, दुसरे गोव्यातल्या सत्तरीचे. इथवर ठीक. पण लक्ष्मणशास्त्र्यांनी वाईला बसून मराठी विश्वकोशाचं संपादन केलं आणि महादेवशास्त्र्यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड काढले. दोन जोशी, दोघंही शास्त्री, दोघंही कोशकार! जगाची माहिती अकारविल्हे लावून देणाऱ्या दोघांनीच आमची अकारविल्हे अवघड करून ठेवावी, याला काय म्हणावं? मी इथे एकच खूण वापरतो. वाई आणि विश्वकोश, दोन्हींत 'व'. उरलेला कोश उरलेल्या शास्त्र्यांचा.

राजकारणात नजर आणखी तेज ठेवावी लागते. १९९९ ते २००२ या काळात केंद्राच्या एकाच मंत्रिमंडळात मनोहर जोशी (अवजड उद्योग) आणि मुरली मनोहर जोशी (मनुष्यबळ विकास) बसत होते. पहिले रायगडातल्या नांदवीचे, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री. दुसरे कुमाऊँकडच्या घराण्यातले, अलाहाबादला भौतिकशास्त्र शिकवलेले. हिंदी लेखक मनोहर श्याम जोशी तिसरे, तेही कुमाऊँचे, दूरदर्शनच्या 'हम लोग'चे लेखक. मधला 'श्याम' किंवा पुढचा 'मुरली' गाळलात, की एकाच माणसाने राज्य चालवलं, पदार्थविज्ञान शिकवलं आणि मालिकाही लिहिली, असं होतं. मराठी माणसाला ते खरंही वाटेल.

सुधीर जोशी म्हटलं, की दोन पिढ्यांचे दोन चेहरे समोर येतात. एक रंगभूमीवरचे, २००५ साली गेले. दुसरे १९९५च्या राज्य मंत्रिमंडळातले महसूलमंत्री, २०२२ साली गेले. हे दुसरे सुधीर जोशी आणि वरचे मनोहर जोशी, दोघंही सत्तरच्या दशकात मुंबईचे महापौर होते. तेव्हा 'मुंबईचे महापौर जोशी' एवढंच लिहून भागत नाही, साल घालावंच लागतं. नटाच्या कार्डावर महसूलखातं जाऊ नये म्हणून छायाचित्र आधी चिकटवा, मजकूर मग लिहा.

शरद जोश्यांच्या बाबतीत छायाचित्रच दगा देतं, कारण ते शोधतानाच चूक होते. साताऱ्यात जन्मलेले शरद जोशी (१९३५-२०१५) शेतकरी संघटनेचे, त्याआधी स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेत नोकरी केलेले. उज्जैनचे शरद जोशी (१९३१-१९९१) हिंदीतले व्यंग्यकार. शेतकऱ्याच्या भावावरच्या लेखाला व्यंग्यकाराचा फोटो लागला, तर लेख फारसा बिघडत नाही, ही गोष्ट वेगळी. तरी छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आहे का, एवढं पाहून घ्यावं.

याच्या उलटाही अपघात होतो, एकाचे दोन होण्याचा. चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) घ्या. बडोद्याला पाली भाषा शिकवणारे, बौद्ध साहित्याचे अभ्यासक जोशी वेगळे आणि चिमणराव-गुंड्याभाऊंना जन्म देणारे विनोदकार वेगळे, असं धरून दोन कार्डं करणारे आहेत. पालीचा प्राध्यापक विनोदी कसा असेल, हा त्यामागचा पूर्वग्रह. जन्मसाल, मृत्युसाल आणि वडिलांचं नाव तिन्ही जुळली, तर कार्डं एकत्र करा. माणूस दोन विषयांत नामवंत असू शकतो.

गाव जुळल्यावरही हुरळू नका. भीमसेन जोशी गदग भागातले, आणि क्रिकेटपटू सुनील जोशीही गदगचेच. हे सुनील जोशी १९९९ साली नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० षटकं, ६ निर्धाव, ६ धावा आणि ५ बळी असं करून गेले. हा आकडा छापायला देताना शेजारी 'बरोबर आहे' असं लाल शाईने लिहा. नाहीतर मुद्रितशोधक एक सहा दोनदा पडला असं समजून खोडतो.

शाहीर राम जोशी पुष्कळदा 'रामजोशी' असे जोडून लिहिलेले सापडतात आणि 'र'मध्ये जाऊन बसतात. त्यांना ओढून आणावं; मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राम जोशी आधीच 'ज'मध्ये वाट पाहत असतात. सुहास जोशी या अभिनेत्री आहेत, 'ते' नव्हेत. यापुढे या परिच्छेदात वेळ घालवत नाही.

संगणकावर शोधायला गेलात, तर व्याकरण आडवं येतं. 'जोशी' शोधलं, तर 'जोश्यांनी', 'जोश्यांचा' सापडत नाहीत, कारण 'शी'चा 'श्यां' झालेला असतो. हल्लीचे लोक 'जोशींनी' लिहितात, ते सापडतं. म्हणजे नव्या वर्तमानपत्रांतले जोशी हाती लागतात आणि जुन्या मासिकांतले निसटतात. मग हुशारी करून नुसतं 'जोश' शोधावं, तर 'जोशात', 'जोशपूर्ण', 'मोठ्या जोशाने' यांचा पूर येतो. शिवाय कोणी 'जोषी' लिहिलेलं असतंच. तीन वेळा वेगवेगळं शोधायचं: 'जोशी', 'जोश्यां', 'जोषी'. चौथा मार्ग मला सापडलेला नाही.

इंग्रजी स्पेलिंगचं दुखणं वेगळंच. पुण्यात जन्मून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषेचं संगणकशास्त्र घडवणारे अरविंद जोशी (१९२९-२०१७) आपल्या पहिल्या नावात एक जादा 'ए' लिहीत. गुजराती रंगभूमीवरच्या अरविंद जोश्यांपासून त्यांना वेगळं काढायला तो 'ए' फार कामाला येतो. आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) आडनावाच्या शेवटी 'आय' न लिहिता दोन 'ई' लिहीत. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, वर्षभरात पुण्यात वारल्या, आणि त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे. त्यांना 'आय'ने शोधणाऱ्याला अर्धे कागद मिळतच नाहीत.

हे दोन 'ई' शुक्र ग्रहावरही पोचले आहेत. तिथल्या एका विवराला आनंदीबाईंचं आडनाव दिलंय, त्याच स्पेलिंगने. तिथला नियम असा, की वीस किलोमीटरहून मोठं विवर असेल तर नामवंत स्त्रीचं नाव द्यायचं आणि लहान असेल तर नुसतं बाईचं पहिलं नाव. आनंदीबाईंचं विवर ३४.३ किलोमीटर रुंद आहे, म्हणून आडनाव मिळालं. शुक्राच्या अख्ख्या नकाशावर जोशी एवढे एकच. तिथे तरी 'कोणते?' विचारायची वेळ येत नाही.