अर्धवट राहिलेल्या दाढेविषयी
‘दंत महाविद्यालयात विद्यार्थी गरीब रुग्णांवर हात साफ करतात’ असा सूर नुकत्याच वाचलेल्या एका लेखात होता, तो मला पूर्णपणे पटला नाही. बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) अभ्यासक्रमाच्या ४ वर्षांपैकी पहिली २ वर्षे विद्यार्थी मेणावर, प्लास्टरवर आणि काढलेल्या दातांवर सराव करतात. प्रत्यक्ष रुग्ण त्यांच्या हाती येतो तो साधारणपणे तिसऱ्या वर्षी. माझ्या आईच्या दाढेचे रूट कॅनल एका शासकीय महाविद्यालयात झाले, तेव्हा ती शिकाऊ मुलगी दर टप्प्याला एक्स-रे घेऊन सरांची सही आणायला जात होती आणि खाजगी दवाखान्यात अर्ध्या तासात उरकणाऱ्या कामाला दीड तास लावत होती. (आईचा जबडा दुखला, हे मात्र खरे.) माझी तक्रार पुढच्या टप्प्याविषयी आहे. परीक्षेसाठी ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण झाला किंवा तुकडी बदलली, की अर्धवट उपचारांचा रुग्ण नेमका कोणाचा, हे खिडकीवर कोणालाच सांगता येत नाही. आईच्या दाढेवर कॅप बसवायची राहून गेली, तात्पुरते सिमेंट निघाले, दाढ तडकली आणि अखेर काढावी लागली. निदान केसपेपरवर त्या रुग्णाची जबाबदारी असलेल्या अध्यापकाचे नाव लिहिणे तरी सक्तीचे करावे.