टोळीचा मेसेज आणि मेंढीच्या बदल्यात गेलेलं पोर

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. दर वर्षा-दोन वर्षांनी येतो, जिल्ह्याचं नाव तेवढं बदलतं. 'मुलं पळवणारी टोळी शिरली आहे. भिकारी, साधू यांच्या वेशात फिरतात. रुमालाला औषध लावून पोरं उचलतात, मुली मुंबईत विकतात. दिसले की धरा. एनजीओवाले नुसती धाड घालतात, फोटो काढतात, फंड खातात. सोडवलेल्या पोरी तर पुन्हा तिथेच जातात.' खाली हात जोडलेले इमोजी आणि 'प्रत्येक आईबापापर्यंत पोचवा'.

पोचवणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी 'दिसले की धरा' याबद्दल. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला गावात आली होती, मंगळवेढ्याकडची. जमावाने त्यांना टोळी ठरवलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून जीव जाईपर्यंत मारलं. त्यांच्यापाशी कुणाचंही मूल नव्हतं. त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून पसार होतात. तो कराचीतला. रोशनी हेल्पलाइन या तिथल्या संस्थेने पालकांना सावध करायला केलेली ती जाहिरात होती. मुळात शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. आपल्या मोबाइलमध्ये येईपर्यंत कुणीतरी तो शेवट कापला होता. पोरांना वाचवायला केलेल्या फितीवरून माणसं मारली गेली.

आता मुख्य मुद्दा, परक्या माणसाचा. मानवी तस्करीला बहुतेक वेळा रुमाल लागत नाही, ओळख लागते. गावातला मुकादम, लांबची मावशी, 'शहरात कामाला लावतो' म्हणणारा शेजारी, लग्नाचं वचन देणारा. आणि ती फक्त कुंटणखान्यापुरती नसते. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली जेमतेम दहा वर्षांची मुलगी मरणासन्न अवस्थेत झोपडीपाशी आणून टाकलेली सापडली आणि नाशिकच्या रुग्णालयात मरण पावली. ती मेंढ्या राखायला दिलेली होती. मग एकेक उलगडत गेलं. आसपासच्या कातकरी वस्त्यांतली आणखी मुलं अशीच नगर जिल्ह्यात मेंढपाळांकडे होती. मोबदला काय, तर थोडे पैसे आणि एखादी मेंढी. त्या आईबापांना कसाई म्हणणं सोपं आहे. पण ज्या घरात वीटभट्टीवाल्याची उचल अंगावर असते, पावसाळ्यात चूल दिवसाआड पेटते, तिथे 'पोराला दोन वेळचं मिळेल' हे वाक्यच पुरतं.

ही मुलं हुडकायला आदिवासींमध्ये काम करणाऱ्या श्रमजीवी संघटनेचे कार्यकर्ते वस्तीवस्तीत फिरले. 'तुमचं मूल विकलंत का' असं विचारून कोण हो म्हणणार? विचारायचं असतं ते, घरात पोरं किती, आज समोर दिसताहेत किती, आणि उरलेली कुठल्या गावाला. हा हिशेब ज्याच्याशी लोक मांडतात, तो रोजचा ओळखीचा माणूस असावा लागतो. मग १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लावून गुन्हे नोंदवून घ्यायचे. तिथेही ठाण्यात बसून राहावं लागतं, कारण 'बिगारी कुठे राहिलीय आता' हे उत्तर तयारच असतं.

'नुसती धाड आणि फोटो' या आक्षेपात मात्र तथ्य आहे, ते झाकायचं कारण नाही. कॅमेरा घेऊन दार फोडणारे आहेत. सज्ञान, स्वतःच्या मर्जीने धंदा करणाऱ्या बायकांनाही गाडीत कोंबून सुधारगृहात महिनोन्महिने डांबलं गेलं आहे. सांगलीची संग्राम ही संस्था आणि तिथल्या धंदेवाल्या बायकांची संघटना वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून सोडायला लावलं. मनाविरुद्ध त्यांना ठेवता येणार नाही, असं बजावून. फंडाचे हिशेबही जरूर मागा, मीही मागतो.

पण फोटोत न येणारं काम बघा. प्रेरणा ही संस्था १९८६ पासून कामाठीपुऱ्यात आहे. तिच्या संस्थापक प्रीती पाटकर यांच्या लक्षात आलं की तिथल्या आयांना खरी धास्ती रात्रीची. गिऱ्हाईक आलं की पोर कुठे ठेवायचं? खाटेखाली, नाहीतर बाहेर रस्त्यावर. आणि रस्त्यावर मुलीवर नजर ठेवून दलाल उभाच. म्हणून १९८८ मध्ये रात्रीचं पाळणाघर सुरू झालं. संध्याकाळी पोरं दप्तर घेऊन येतात, जेवतात, अभ्यास करतात, तिथेच झोपतात आणि सकाळी शाळेत जातात. आईचा धंदा मुलीच्या गळ्यात पडू नये, यासाठी एवढंच, पण रोज रात्री, न चुकता. यात फोटो काढण्यासारखं काय आहे? झोपलेली पोरं.

आणि कोर्टाचं काम तर त्याहून रटाळ. धाडीत सापडलेल्या अल्पवयीन मुली सोडवून न्यायला पूर्वी कुंटणखान्याच्या बाजूचेच वकील उभे राहायचे, 'नातेवाईक' आपोआप उगवायचे आणि मुलगी फिरून त्याच गल्लीत. प्रेरणाच्याच याचिकेवर २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही वाट अडवली. कुंटणखानेवाल्याच्या वकिलाला त्याच प्रकरणात मुलीची वकिली करायला मनाई, अल्पवयीन मुलगी आरोपी नव्हे तर काळजी-संरक्षणाची गरज असलेलं बालक, आणि पालकांची लायकी तपासून बाल कल्याण समितीची खात्री झाल्याशिवाय ताबा नाही. 'पोरी पुन्हा तिथेच जातात' असं म्हणणाऱ्याने आधी हे विचारावं की त्यांना तिथे नेतं कोण.

त्याच वाक्याला आणखी एक उत्तर नेपाळमध्ये आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठ्या धाडी पडल्या, शेकडो मुली सुटल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या. नेपाळ सरकारने हात वर केले आणि त्या मुली महिनोन्‌महिने इथल्या सुधारगृहांत पडून राहिल्या. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून जास्त जणींना जुलैत मायदेशी नेलं. त्यांतल्या १५ जणींनी शक्ती समूह ही स्वतःची संस्था उभी केली. तिच्या नोंदणीलाच २००० साल उजाडलं. तिच्या संस्थापकांपैकी चारिमाया तामाङ यांनी आपल्याला विकणाऱ्यांवर स्वतः फिर्याद केली, १९९७ मध्ये आठ जणांना शिक्षा झाली. २०१३ साली या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तेव्हा परत जातात, हे एका अर्थी खरं. चारिमाया ज्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातून विकल्या गेल्या, तिथे शक्ती समूहाच्या बायका परत गेल्या आणि किशोरवयीन मुलींचे गट बांधायला बसल्या. काम देतो म्हणणारा नेमका कसा बोलतो, किती गोड बोलतो, हे त्या मुलींना त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं दुसरं कोण आहे?