‘एक सीटी म्हणजे 400 एक्स-रे’ : फॉरवर्ड मेसेजचा मुद्देसूद हिशेब

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो. त्याचं सार असं: एका सीटी स्कॅनमध्ये 300 ते 400 एक्स-रेइतकी किरणं असतात, त्यातून कॅन्सर होतो, किरणं अंगात राहतात म्हणून दोन दिवस लेकरांना जवळ घेऊ नका, सीटीत चित्र उठून दिसावं म्हणून देतात त्या इंजेक्शननं किडनी जाते, करायचाच तर एमआरआय करा, आणि सीटी झालाच असेल तर केळी आणि हळदीचं दूध घेऊन किरणं ‘उतरवा’.

‘300 ते 400 एक्स-रे.’ आकडा हवेतला नाही. मे 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी तो सांगितला होता. सौम्य लक्षणं असणाऱ्यांनी उगाच आणि वारंवार सीटी करू नये, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बरोबरच होता. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं आकड्यावर आक्षेप घेतला. पुढे मेसेजमधून सल्ला गळाला, आकडा तेवढा उरला.

छातीच्या एका एक्स-रेत साधारण 0.02 मिलीसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) किरणं मिळतात. छातीच्या नेहमीच्या सीटीत 6 ते 7. भागाकार केला तर उत्तर 300 ते 350 येतं. पण लो-डोस पद्धतीनं तोच सीटी दीडेक मिलीसिव्हर्टमध्ये होतो, म्हणजे 75 एक्स-रे. डोक्याच्या सीटीत 2 च्या आसपास, पोटाच्या सीटीच्या एका फेरीत (म्हणजे एकदा चित्रं काढण्यात) 8 ते 10. काहीच तपासणी न करता माती, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला जागतिक सरासरीनं वर्षाला 2.4 मिलीसिव्हर्ट मिळतातच. एक्स-रेचा डोस मुळात इतका किरकोळ आहे की त्याच्या पटीत मोजलेलं काहीही भयंकर वाटतं.

स्वतःचा आकडा काढता येतो. सीडीवर किंवा शेवटच्या फिल्मवर डोसचं पान असतं, त्यात डीएलपी (त्या तपासणीतल्या एकूण किरणांचं यंत्रानं दिलेलं माप) लिहिलेला असतो. त्याला प्रौढांसाठी छातीला 0.014, पोटाला 0.015 आणि डोक्याला 0.0021 नं गुणा. छातीचा डीएलपी 400 असेल तर 5.6 मिलीसिव्हर्ट. खरा फरक पडतो तो फेऱ्यांनी. पोटाचा सीटी आधी साधा, मग इंजेक्शन देऊन धमन्यांचा, शिरांचा आणि उशिराचा असा चारदा काढला, तर डोसही जवळपास चौपट. लिव्हरच्या गाठीसाठी त्यातल्या बऱ्याच फेऱ्या लागतात. मुतखड्यासाठी एकच पुरते, तीही लो-डोस आणि इंजेक्शनशिवाय. आपल्याकडच्या उन्हात मुतखडा घरोघरी, म्हणून हे लक्षात असू द्या. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर सुरुवात सोनोग्राफीनं होते.

‘कॅन्सर होतो.’ अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेचा, एफडीएचा अंदाज असा की 10 मिलीसिव्हर्टच्या तपासणीनं जीवघेण्या कॅन्सरची शक्यता सुमारे 2000 मध्ये 1 नं वाढू शकते. भारतात आयुष्यभरात कॅन्सर होण्याची शक्यता तशीही साधारण 9 मध्ये 1 आहे. धोका शून्य नाही, आणि तसं सांगणाराही चूकच. मुलांमध्ये तो जास्त, कारण पेशी वेगानं वाढत असतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं. म्हणून मुलांचा सीटी त्यांच्या वजनाप्रमाणे डोस कमी करूनच काढायचा असतो. तसं करणार का, हे बेधडक विचारा. आणि धडधाकट माणसानं ‘फुल बॉडी’ पॅकेज घ्यायचं काही कारण नाही.

‘किरणं अंगात राहतात.’ नाही. बटण बंद झालं की एक्स-रे संपले. लेकराला लगेच कडेवर घ्या. इंजेक्शन दिलं असलं तरी आईनं अंगावर पाजायला हरकत नाही. दुधात त्याचा 1 टक्क्याहूनही कमी भाग उतरतो. गोंधळ पेट-सीटीमुळे होतो. त्यात किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात, त्यामुळे काही तास मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहावं लागतं.

केळ्यांचं म्हणाल, तर रावेर-यावलच्या मळ्यांचा धंदा होईल एवढंच. केळ्यातल्या पोटॅशियममुळे उलट त्यातच किंचित किरणोत्सर्ग असतो भो! अगदी नगण्य, खुशाल खा. पण उतरवायला अंगात काही उरलेलंच नसतं.

‘इंजेक्शननं किडनी जाते.’ मेसेजमधला विचार करण्याजोगा मुद्दा हाच. पोटाच्या सीटीला साधारण 80 ते 100 मिली आयोडीनयुक्त औषध यंत्रानं सेकंदाला 2 ते 4 मिली वेगानं शिरेत जातं. अंगभर ऊब येते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. अर्ध्याएक मिनिटात ओसरतं. घाबरून हललात तर चित्र बिघडतं. हात मात्र ठणकू लागला किंवा सुजला तर लगेच ओरडून सांगा, औषध शिरेबाहेर जात असू शकतं. पुरळ, घशात आवळल्यासारखं, दम लागणं ही ॲलर्जीची लक्षणं. गंभीर प्रकार 10,000 मध्ये साधारण 4, म्हणून तपासणीनंतर 20-30 मिनिटं तिथेच बसवतात. आधी अशा औषधाची रिॲक्शन आली असेल तर ती आधीच सांगा. मासे-कोळंबीच्या ॲलर्जीचा याच्याशी विशेष संबंध नाही.

किडनीचा धोका प्रामुख्यानं ती आधीच बरीच कमजोर असणाऱ्यांना. त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन पाहून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, काढतात. तो 30 च्या खाली असेल तर डॉक्टर दुसरा मार्ग शोधतात. इंजेक्शन द्यावंच लागलं तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी 48 तास बंद ठेवतात आणि क्रिएटिनिन पुन्हा बघून सुरू करतात. मे महिन्यात धडगावहून एसटीनं धुळ्याला येताना ‘उपाशी या’ म्हणजे पाणीही बंद, असं समजून लोक सुकलेले पोचतात. अन्न बंद सांगितलं असेल तरी पाणी चालेल का, हे फोनवर विचारून घ्या. बहुतेक वेळा चालतं, आणि किडनीला तेच हवं असतं.

‘त्यापेक्षा एमआरआय.’ एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, हे खरं. पण 20 ते 40 मिनिटं निश्चल पडावं लागतं, आणि फुप्फुस, मुतखडा, बारीक फ्रॅक्चर यांत सीटीच सरस. हायवेवर दुचाकीवरून पडलेला, उलट्या करणारा माणूस असेल तर डोक्यातला रक्तस्राव सीटी काही मिनिटांत दाखवतो. लकव्यात गुठळी विरघळवण्याचं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि रक्तस्राव नाही हे पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. अशा वेळी फॉरवर्ड वाचत बसणं महागात पडतं.

मेसेजमध्ये नसलेली, पण डोस हमखास दुप्पट करणारी एक गोष्ट आहे. शहाद्यात सीटी काढून पेशंट नाशिक किंवा सुरतला जातो, सोबत फक्त रिपोर्टचा कागद आणि मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो. त्यावरून डॉक्टरांना नीट काही दिसत नाही, आणि सगळं पुन्हा काढावं लागतं. निघताना सेंटरमधून डायकॉम सीडी (सगळी मूळ चित्रं असलेली सीडी) मागून घ्या आणि ती चालते का, हे तिथल्याच कॉम्प्युटरवर लावून बघा.