द्राक्षं तुडवण्याच्या रील्स आणि आमच्या आप्पांची बाग

आज फोन उघडला की तीच रील. लाकडी टबात पसरलेली द्राक्षं, त्यात हसत नाचणारी मंडळी आणि खाली 'नाशिक, भारताची वाईन राजधानी'. सोबत इतिहास म्हणून चार ओळी: अमेरिकेहून परत आलेले राजीव सामंत, २००० साली त्यांच्या 'सुला' वायनरीची पहिली वाईन, टेस्टिंग रूम, फेस्टिव्हल. संपला इतिहास.

डोकंच फिरलं. शेतकरी कुठे आहे यात?

सामंतांचं श्रेय मी नाकारत नाही. जिथे सगळे खायची द्राक्षं पिकवत होते तिथे सोव्हिन्यॉ ब्लांसारखी वाईनची द्राक्षं लावायला छाती लागते. पण त्यांच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन काढली होती आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशात विकली जात होती. आणि हे सगळं ज्यांच्या रानात पिकलं त्यांचं नाव कुठेच नाही.

२००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. उत्पादन शुल्क माफ, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क. भराभर वायनऱ्या उभ्या राहिल्या. आमच्या आप्पांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, दिंडोरीकडच्या रानातली थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, बाग काढून दोन एकर कॅबर्ने हे वाईनचं द्राक्ष लावलं ते याच लाटेत. वायनरीची माणसं बांधावर येऊन चहा पिऊन गेली. करार झाला, भाव ठरला. आप्पा म्हणाले, "व्यापाऱ्याच्या दारात उभं राहणं संपलं एकदाचं."

मग २००८ आलं. मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. जानेवारीपासून आमची तोडणी व्हायची. वायनरीचा माणूस येई, चार मणी चुरडून रसाचा थेंब ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायच्या मीटरच्या काचेवर टाकी, उजेडाकडे धरून बघे आणि म्हणे, "अजून दोन दिवस थांबा." गोडी केव्हाच भरली होती. घड वेलीवर सुरकुतायला लागले. नंतर तो फोन उचलेनासा झाला.

वाईनची द्राक्षं खाल्ली आहेत का कधी? मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात कुणी विचारत नाही, बेदाण्यालाही चालत नाहीत. एकच गिऱ्हाईक, आणि त्याने पाठ फिरवली की शेतकरी मेला. आप्पांनी पुढच्या वर्षी बाग मुळासकट उपटली. अशा बागा तेव्हा जिल्ह्यात किती उपटल्या गेल्या, आठवा.

हो, कंपन्याही बुडाल्या, मान्य. पण कंपनी बुडाली की कोर्टात फाईल होते. आप्पांच्या दोन एकरांची फाईल कुठे आहे?

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा तर कहर होता. सरकार म्हणे शेतकऱ्यांच्या भल्यासाठी. विरोधक म्हणे महाराष्ट्राला मद्यराष्ट्र करताय. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय बारगळला. या सगळ्या गदारोळात कुणी एकाने तरी विचारलं का, की करार मोडला तर शेतकऱ्याला काय मिळतं? बाटली कुठल्या कपाटात ठेवायची यावर महिनाभर भांडले!

असो. एवढं लिहिल्यावर जरा शांत झाले. खरं तेही सांगते. आता आमच्या भागात वेळेवर माल उचलणाऱ्या, वेळेवर पैसे देणाऱ्या वायनऱ्या आहेत. टेस्टिंग रूममध्ये गावातल्या मुली छान आत्मविश्वासाने बोलतात, ते बघून बरं वाटतं. त्या रीलमधल्या पोरांवरही राग नाही माझा, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आप्पांचा मुलगा पुन्हा वाईनची द्राक्षं लावायचं म्हणतोय. कराराचा कागद इंग्रजीत, म्हणून परवा माझ्याकडे घेऊन आला. भाव, ब्रिक्स, क्रेट, वाहतूक, सगळं नीट लिहिलंय. फक्त कंपनीने माल कधीपर्यंत उचलायचा ते कुठेच नाही. मी त्याला म्हटलं, तारीख लिहून घे, आणि तारीख उलटली तर नुकसान कोण भरणार तेही. तोवर सही करू नकोस. कंपनीचा माणूस म्हणाला, वर विचारून सांगतो. खरड छाटणीच्या, म्हणजे वेलींच्या उन्हाळी छाटणीच्या, आत उत्तर यायला हवं.