खुलासा : इंटरव्हीनर मुलाला परावलंबी करतो का?

दृष्टी आणि श्रवण दोन्ही बाधित असलेल्या मुलाला वर्गात इंटरव्हीनर, म्हणजे सोबत राहून आजूबाजूला काय चाललंय ते त्याच्यापर्यंत पोचवणारा प्रशिक्षित सहायक, दिला की मूल आळशी होतं, सगळं तोच करून देतो, असा एक संदेश पालकांच्या गटांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी एखादं मूल या आधाराला मुकलं तर फार वाईट होईल.

इतर मुलं आसपास पाहून, कानावर पडलेलं ऐकून कितीतरी गोष्टी आपोआप शिकतात. या मुलांपर्यंत ते पोचतच नाही. कोण आत आलं, सगळे अचानक का हसले, आता कुठे जायचं आहे, हे त्यांना कुणीतरी स्पर्शाने, खुणांनी किंवा हातात वस्तू देऊन कळवावं लागतं. प्रशिक्षित इंटरव्हीनर हेच करतो. तो मुलाचा हात धरून ओढत नाही. आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवतो, म्हणजे पुढे जायचं की हात काढून घ्यायचा हे मूल ठरवतं. मग तो थांबतो. प्रतिसादाला वेळ लागतो, आणि घाईने काम उरकून टाकणाऱ्या मदतनीसाला नेमकं हे थांबणंच जमत नाही.

संदेशात आणखी एक विधान आहे : ‘थोडं दिसत असेल तर गरज नाही.’ यांतल्या बहुतेक मुलांना थोडंफार दिसतं किंवा ऐकू येतं. तरीही एका इंद्रियाची उणीव दुसरं पुरेशी भरून काढू शकत नाही. अशर किंवा चार्ज सिंड्रोम (दृष्टी आणि श्रवण दोन्हींवर परिणाम करू शकणारे जनुकीय विकार) असलेल्या मुलांबाबतही गरज प्रत्येकाची वेगळी तपासावी लागते.

शिकवण्याची जबाबदारी मात्र शिक्षकाचीच राहते.