कोल्हापुरात बसून द्रष्टा होण्याची रीत

हिंजवडीत आठ-दहा वर्षं काढून तुम्ही आता गावाकडं परतला आहात. राजारामपुरीतल्या एका बोळात दुसरा मजला भाड्यानं घेतलाय, काचेचं पार्टिशन बसवलंय आणि कार्डावर 'फाउंडर अँड सीईओ' छापूनही झालंय. अभिनंदन! आता कंपनी नक्की करणार काय, असं घरचे विचारतील. तिकडं लक्ष देऊ नका. ज्यांनी जन्मभर माल बनवून विकला, त्यांना हा धंदा कळणं अवघड आहे.

आधी भविष्य सांगायला शिका. मालाचं नंतर बघता येतं. इलॉन मस्क यांनी २०१६ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं होतं, की २०१७ संपायच्या आत त्यांची गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपली आपण जाईल, कुणी स्टिअरिंगला हात लावणार नाही. २०१७ संपलं. गाडी काही पोचली नाही. साहेब मात्र २०२१ च्या जानेवारीत जगातला सर्वांत श्रीमंत माणूस या पदाला पोचले. हेच उद्यमनगरात करून बघा. लेथवाल्यानं 'गुरुवारी शाफ्ट देतो' असा शब्द दिला आणि शुक्रवार उजाडला, की गिऱ्हाईक सकाळी नऊला येऊन स्टूल ओढतं. 'बसतो हितंच, करून दे,' म्हणतं आणि वर चहा त्याच्याच खात्यावर पितं. शाफ्ट मशीनला बसवायचा असतो, अडचण ती आहे. भविष्य कुणाला कशालाच बसवायचं नसतं. तेव्हा तारीख बिनधास्त द्या. फक्त ती पुढच्या गुंतवणुकीच्या फेरीनंतरची असू द्या, म्हणजे झालं.

समजा, तुमचं ॲप ऊसतोडीचं आहे. करवीर-शिरोळकडच्या शेतकऱ्याला एवढंच हवं असतं, की आपल्या फडात तोडकऱ्यांची टोळी कधी येणार. आज तो चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, फोन करतो, चिटबॉय उचलत नाही, मग गाडीला किक मारून तो शेतकी ऑफिस गाठतो. ही फेरी वाचली तर माणूस दुवा देईल. पण एवढंच सांगितलंत तर बेंगळुरूचा एकही गुंतवणूकदार मान वर करून बघायचा नाही. वीवर्क नावाची कंपनी इमारती भाड्यानं घ्यायची, टेबलं मांडायची आणि जागा पुन्हा भाड्यानं द्यायची. आपल्याकडं याला पोटभाडेकरू ठेवणं म्हणतात. तिनं २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी जी कागदपत्रं दाखल केली, त्यात कंपनीचं ध्येय म्हणून 'जगाची जाणीव उंचावणं' असं लिहिलं होतं. त्याच वर्षी कंपनीची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली गेली होती. २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ती गोष्ट वेगळी, तुम्ही ४७ अब्जांवर नजर ठेवा. तुमचं ॲप टोळीची वेळ सांगत नाही, ते ग्रामीण जाणिवेचं रिअल टाइम लोकशाहीकरण करतं.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्ता हवी. त्याशिवाय हल्ली पिठाची गिरणीसुद्धा चालू करत नाहीत. तिची सोय आतल्या खोलीत करा. तिथं जयसिंगपूरचं एखादं डिप्लोमा झालेलं पोरगं बसवा, दोन फोन द्या. शेतकऱ्यानं ॲपवर बोट टेकवलं, की ते पोरगं चिटबॉयला फोन लावतं. 'काय भावा, वडणग्यात टोळी कधी?' 'बघतो की.' हे 'बघतो की' पोरगं 'अंदाजे ७२ तास' असं टाइप करतं. झालं तुमचं मॉडेल. गुंतवणूकदार भेटीला आले, की आतल्या खोलीला बाहेरनं कडी घाला आणि दारावर 'सर्व्हर रूम' लिहा. पोराला डबा आधीच आत दिलेला बरा.

पुढचा विषय संशोधनाचा, आणि इथं बरेच नवशिके घसरतात. संशोधन करायचं आणि मग जाहीर करायचं, हा क्रम जुना झाला. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी थेरानोस ही रक्त तपासणीची कंपनी काढली, स्टॅनफर्डचं शिक्षण सोडलं, आणि बोटातल्या रक्ताच्या थोड्याशा थेंबांवर ढीगभर तपासण्या होतील असं जगाला सांगितलं. संचालक मंडळावर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ, म्हणजे अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री. रक्त तपासणारं माणूस त्या टेबलापाशी नसलं तरी काय बिघडलं? बाईंना २०२२ मध्ये ११ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. लोक यातून 'खोटं बोलू नये' असा बोध घेतात. तुम्ही नीट विचार करा. बाईंची खरी चूक ही, की त्यांनी मोजता येणारी वस्तू निवडली. साखर १४० की २४० हे शाहूपुरीतली कुठलीही लॅब तासाभरात सांगते, आणि मग पंचाईत होते. तुम्ही 'एंगेजमेंट' घ्या, 'कल्चर' घ्या, 'ट्रान्सफॉर्मेशन' घ्या. त्याची लॅब अजून कुठं निघालेली नाही.

खऱ्या संशोधकांपासून मात्र चार हात लांब राहा. त्यांना वेळ लागतो. कॅटलिन कॅरिको नावाच्या बाई पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएच्या, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूच्या, मागं लागल्या होत्या. अनुदान मिळेना, म्हणून १९९५ मध्ये विद्यापीठानं त्यांना खालच्या पदावर आणलं. व्यवस्थापनाच्या दृष्टीनं निर्णय चोख होता, तक्ता बघितला तर बाईंच्या रकान्यात शून्यच होतं. पुढं कोविडची लस त्याच कामावर उभी राहिली आणि २०२३ मध्ये बाईंना ड्र्यू वाइसमन यांच्यासोबत नोबेल मिळालं. तुमच्यासाठी यातली शिकवण अशी, की असलं माणूस कंपनीत सापडलं तर जरूर काढा, पण त्याआधी त्याच्यासोबत एक चांगला फोटो काढून ठेवा. पुढं कधी काय कामाला येईल सांगता येत नाही.

पीटर हिग्ज या भौतिकशास्त्रज्ञांचंही तसंच. १९६४ साली त्यांनी जे मांडलं त्याचं नोबेल २०१३ मध्ये आलं, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. आजच्या काळात मला कुठलं विद्यापीठ नोकरीच देणार नाही, पुरेसा 'उत्पादक' समजणार नाही, असं ते स्वतःच म्हणाले होते. आणि लांब कशाला जायचं, जयंत नारळीकर जन्मले ते याच कोल्हापुरात, १९३८ साली. सगळं जग महास्फोटाच्या, म्हणजे बिग बँगच्या, बाजूला गेलं तरी हा माणूस जन्मभर त्या सिद्धांताला प्रश्न विचारत राहिला. ते तुमच्या कंपनीत असते तर पहिल्याच तिमाहीत एचआरच्या मॅडमनी बोलावून घेतलं असतं. 'सर, विश्वाचं उत्तर येईपर्यंत थांबायला आम्ही तयार आहोत, पण ३१ मार्चच्या आत आलं तर बरं.'

विद्यापीठांनी हे धोरण तुमच्याही आधी उचललंय, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. शोधनिबंध मोजायचे, त्यावर गुण द्यायचे, गुणांवर बढती. मग कारखानाही चालू होणारच. पैसे मोजले की निबंध तयार, लेखकांच्या यादीत आपलं नाव पाहिजे त्या जागी. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून जास्त शोधनिबंध मागं घ्यावे लागले. इतकं उत्पादन तर आमच्या साखर कारखान्यांनाही जमलं नसतं. या गदारोळात एखादी पोरगी खरोखरच रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये पातळ थराचा नमुना सातव्यांदा तापवत बसलेली असते, कारण सहाही वेळा आकडा वेगळा आला. तिनं काय करायला हवं, ते तुम्हाला आता ठाऊक आहेच. सहातला एक बरा आकडा घ्यावा आणि घरी जावं. ती जात नाही. तिच्यासाठी आपल्याकडं सध्या काही योजना नाही.

आता माणसं आणि त्यांचे तास. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो ९० वर नेला, रविवारी कामाला लावता येत नाही याची खंतही बोलून दाखवली, आणि घरी बसून बायकोकडं किती वेळ बघणार, असंही विचारलं. त्यांचा पगार कंपनीतल्या मधल्या पगाराच्या ५०० पटींहून जास्त होता. तेव्हा ९० तास म्हणजे त्यांनी हिशेबात सूटच दिली म्हणायची. कारखान्यांसाठीच्या १९४८ च्या कायद्यानं आठवड्याला ४८ तास सांगितले होते. पण तो भट्टीपाशी उभं राहणाऱ्यांचा झाला, तुमची माणसं एसीत बसतात. एसीत बसणाऱ्याला पाठ नसते, डोळे नसतात, आणि घरी आईचा गुडघा दुखत नसतो, असं धरूनच पुढं चला.

कोल्हापुरात एक अडचण मात्र येईल, रविवारची. तुम्ही बारा वाजता सगळ्यांची ऑनलाइन मीटिंग लावाल. सगळे हजर राहतील, कॅमेरे सगळ्यांचे बंद. तुम्ही 'व्हिजन २०३०' उघडता, तेवढ्यात कुणाचा तरी माइक चालू राहतो. आधी कुकरची शिट्टी, मग एका बाईंचा आवाज: 'पांढरा रस्सा निवतोय बघा, त्यास्नी म्हणावं जेवून बोला.' या आवाजावर नजर ठेवा, पण ओरडू नका. २०१९ मध्ये मटणाचा दर वाढला म्हणून आंदोलन करणारं हे शहर आहे. गंमत म्हणजे इथली तीच पोरं पाच वर्षं पगार वाढला नाही तर चकार शब्द काढत नाहीत. मटण आणि पगार यांच्यामधली ही जी मोकळी जागा आहे, तिच्यातच तुमची कंपनी उभी राहायची आहे.

आणि मग एक दिवस पैसे संपतील. हा दिवस सगळ्यांत महत्त्वाचा, कारण नेता इथंच कळतो. मेटानं २०२२ च्या नोव्हेंबरात ११,००० माणसं काढली, गूगलनं २०२३ च्या जानेवारीत १२,०००. दोन्हीकडं साहेबांनी पत्र लिहून जबाबदारी स्वतःवर घेतली. गूगलच्या पिचाईंनी तर 'पूर्ण' घेतली. ही पद्धत समजून घ्या. जबाबदारी साहेबांनी घ्यायची आणि खोका भरून घरी दुसऱ्यानं जायचं. घेतलेल्या जबाबदारीचं पुढं काय होतं, ती कुठं ठेवतात, तिच्यावर काही व्याज लागतं का, याची चौकशी करण्याची पद्धत नाही.

फाउंड्रीवाल्यांना हे शिकवायला जाऊ नका, त्यांचं डोकं फिरेल. शिरोलीच्या फाउंड्रीतून गेलेलं कास्टिंग गिऱ्हाइकाकडं मशीनवर चढतं, वरचा थर निघतो आणि आत ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूची पोकळी दिसते, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिथला इन्स्पेक्टर त्यावर खडूनं फुली मारतो. संध्याकाळी टेम्पो परत येतो, मागं दहा-बारा नग आणि सोबत पैसे कापल्याची डेबिट नोट. मालक डोळ्याला चष्मा लावून कास्टिंग उलटं करतात आणि अंगठ्यानं काळं पुसतात. खाली हीट नंबर ओतलेला असतो. त्या नंबरावरनं रजिस्टर उघडलं, की कुठल्या दिवशीची भट्टी, कुठली पाळी, साचा कुणाचा, वाळूत ओल किती होती, सगळं निघतं. मग मोल्डर येऊन उभा राहतो. 'वाळू वली हुती, मालक, सांगितलं हुतं मी,' म्हणतो, आणि बऱ्याचदा त्यानं खरंच सांगितलेलं असतं. वाळू तशीच चालवायला कोण म्हणालं होतं, हे मालकांनाही आठवतं. ते काही न बोलता नोट खिशात घालतात, कारण तो पैसा त्यांच्याच खिशातनं जाणार असतो.

तुमच्या निर्णयांवर हीट नंबर कधीही ओतू देऊ नका. बाराशे शेतकऱ्यांचं ॲप काढायचं ठरलेलं असताना चाळीस माणसं भरती करा असं कुणी सांगितलं, कुठल्या मीटिंगला, हे कुठल्याच कागदावर सापडता कामा नये. कारणं बाहेरचीच सांगा: जागतिक मंदी, बाजाराची परिस्थिती, पाऊस. पोरांना शुक्रवारी संध्याकाळी मेल जाऊ द्या आणि शनिवारी लिंक्डइनवर तुमचा रडवेला मजकूर. आतल्या खोलीतल्या जयसिंगपूरच्या पोराला मेल पाठवायची गरज नाही, तो सर्व्हर आहे. कडी काढली की पुरे.

बुडाल्यानंतरची काळजी अजिबात करू नका. वीवर्क उभी करून नंतर तिच्यातनं बाहेर पडलेल्या ॲडम न्यूमन यांना २०२२ मध्ये नव्या कंपनीसाठी पुन्हा सुमारे ३५ कोटी डॉलर मिळाले. एकदा मोठं बुडवलेला माणूस अनुभवी ठरतो. लहान बुडवलेल्याला बँक दारात उभं करत नाही, एवढा फरक लक्षात ठेवून बुडवायचं ते ऐसपैस बुडवा.

मग इंजिनिअरिंग कॉलेजांची बोलावणी सुरू होतील. 'अपयशातून शिखराकडं' असा विषय असेल, भगवा फेटा, शाल, नारळ आणि शाहू महाराजांचा फोटो. गाडीभाडं आगाऊ मागून घ्या. भाषण पाऊण तासाच्या वर नेऊ नका. आणि प्रश्नोत्तरं वेळेअभावी होणार नाहीत, हे प्राचार्यांना आदल्या दिवशीच सांगा. ज्यांचा तीन महिन्यांचा पगार राहिलाय, त्यांतल्या कुणाचा तरी धाकटा भाऊ थर्ड इयरला असतोच, आणि तो बसतोही पहिल्याच रांगेत.